धागा : आपला नंबर कुणी, कोणत्या नावाने नोंदवला? मोबाइल निर्देशिका आणि खेड्यातली खासगी माहिती

धुऱ्यावरची_बाभूळ

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. पोळ्याच्या सुमारास शेजारच्या घरात जे घडले ते त्या घराच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे मांडतो आहे. जाणकारांनी मार्ग सांगावा, ही विनंती.

शेजारची मुलगी बारावी झाली आहे. तालुक्याच्या गावी एका कापड दुकानात काम मिळेल असे कळल्यावरून तिने दुकानदारांना फोन केला. त्यांनी नीट विचारपूस केली, शिक्षण विचारले, एसटीच्या वेळा जमतील का ते विचारले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पोरी, तब्येत बरी हाये ना आता तुही?" ती गोंधळली, कारण तब्येतीचा विषय तिने काढलाच नव्हता. पुढे दुकानाकडून निरोप आला नाही. पोळ्याच्या खरेदीला तिचा भाऊ त्याच दुकानात गेला, तेव्हा तेथल्या ओळखीच्या नोकराने दुकानाचा मोबाइल त्याच्यासमोर धरला. आलेल्या कॉलच्या यादीत बहिणीच्या क्रमांकासमोर तिचे नाव होते आणि नावाला जोडून 'टीबी' ही दोन अक्षरे होती. भाऊ रात्री माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "सर, हे कोनं लिवलं?"

मुलीला क्षयरोग झाला होता, हे खरे आहे. सहा महिन्यांचे औषध तिने एकही दिवस न चुकवता घेतले आणि ते संपूनही आता दोन वर्षे झाली. गावात ही गोष्ट कधी लपलेली नव्हती आणि ती लपावी असा आमचा आग्रहही नाही, कारण गावाला जसे तिचे आजारपण ठाऊक आहे तसेच तिचे बरे होणेही ठाऊक आहे. तिला पुन्हा सोयाबीनच्या सोंगणीला जाताना गावाने पाहिले आहे. बावीस किलोमीटरवरच्या दुकानदाराने यातले काहीच पाहिलेले नाही. त्याच्यापर्यंत पोहोचली ती फक्त दोन अक्षरे.

मला सर्वांत जास्त बोचणारी बाब पुढे आहे. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. नाव दाखवणारे कोणतेही ॲप तिने कधी घेतले नाही, कोणत्याही अटींवर तिने 'मान्य' म्हटलेले नाही आणि आपल्या नावापुढे जगाला काय दिसते हे त्या फोनवर तिला पाहताही येत नाही. मग तिची नोंद त्या ॲपच्या निर्देशिकेत गेली कशी, आणि ती काढण्याचा अधिकार कुणाचा?

जुने_एक्स्चेंज

सर, मी टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि बीएसएनएलमधून निवृत्त झालो. कुणी लिहिले, हा प्रश्न आमच्या काळी कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर ठरलेले असे : ज्याचा फोन, त्यानेच लिहिले. आमच्या भागातील खेड्यांत सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेचे १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज आले, तेव्हा ग्रामपंचायतीजवळच्या एका खोलीत ती यंत्रणा आणि तिच्या बॅटऱ्या मावत असत. त्या गावातल्या प्रत्येक जोडणीचा अर्ज मी हाताने तपासलेला आहे. अर्जात ग्राहक स्वतःचे नाव कसे छापावे ते लिहून देई. कुणी 'पाटील' लावी, कुणी 'गुरुजी', कुणी दुकानाचे नाव घाली. नाव छापू नका, असे लेखी कळवणारेही असत आणि मग ते छापले जात नसे. १९७ वर चौकशी करणाऱ्यालाही छापील नोंदीपलीकडची माहिती मिळत नसे.

पुढे मोबाइल आले. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि हळूहळू खेड्यातल्या माणसाच्या खिशातही फोन आला. स्थिर आणि मोबाइल अशा दोन्ही क्रमांकांची एकत्रित निर्देशिका असावी यासाठी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २००५ मध्ये शिफारशीही केल्या होत्या. मोबाइलची तशी छापील निर्देशिका आमच्या भागात मात्र मी कधी पाहिली नाही. ती जागा मोकळी राहिली आणि पुढे खासगी ॲपनी भरून काढली.

जुन्या निर्देशिकेत चुका पुष्कळ असत, पत्ते शिळे असत, पण तिच्यात शेजाऱ्याने माझ्याबद्दल काय टिपून ठेवले आहे ते कधी छापले गेले नाही. सरांच्या शेजारच्या मुलीला जे सोसावे लागले ते वाचून मला फार वाईट वाटले.

वाशीम_ते_पुणे

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला असून पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. नोंद जाते कशी, एवढाच भाग नीट सांगतो.

साध्या फोनला कॉल येतो तेव्हा नेटवर्क फक्त क्रमांक पाठवते. आपल्या फोनच्या यादीत तो क्रमांक असेल तर आपण दिलेले नाव दिसते, नसेल तर नुसते आकडे दिसतात. नाव ओळखणारे ॲप या आकड्यांचा शोध इंटरनेटवरून आपल्या साठ्यात घेते. आता हा साठा भरतो कुठून? काही नावे लोक स्वतः नोंदवतात, काही व्यावसायिक यादीतून येतात. परंतु अशा अनेक सेवांचा मोठा आधार म्हणजे वापरकर्त्यांच्या फोनमधील संपर्क यादी. ॲप सुरू करताना 'संपर्क पाहू द्या' ही परवानगी मिळाली, की ज्यांची संमती कुणी घेतलेली नाही अशा शेकडो माणसांची नावे आणि क्रमांक एका बोटाच्या दाबाने बाहेर जाऊ शकतात. एकच क्रमांक दहा जणांच्या फोनमध्ये असेल तर दहा नावांतून एक निवडता येते. पण खेड्यातल्या बटणांच्या फोनचा क्रमांक दोघा-तिघांच्याच स्मार्टफोनमध्ये असतो आणि मग त्यातल्या एकाने जे लिहिले तेच सगळीकडे दिसते. सरांच्या शेजारी बहुधा हेच घडले असावे. तिच्याकडे साधा फोन आहे म्हणून ती सुरक्षित राहिली नाही. उलट स्वतःची नोंद पाहण्याचे आणि दुरुस्त करण्याचे साधनच तिच्या हाती उरले नाही.

अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक परवानगी स्वतंत्रपणे विचारली जाते. त्यापूर्वी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. आजही सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ते विशिष्ट ॲप, त्यात परवानग्या आणि त्यात संपर्क असे गेले की ती परवानगी काढून घेता येते. मात्र ती काढल्याने पूर्वी गेलेली यादी परत येत नाही. त्यासाठी कंपनीकडे वेगळी मागणी करावी लागते. अनेक सेवांच्या संकेतस्थळावर क्रमांक वगळण्याचे पान असते. तेथे देशाच्या क्रमांकासह पूर्ण नंबर द्यावा लागतो आणि स्वतःचे खाते असल्यास बहुधा ते आधी बंद करावे लागते. मुलीचे खाते नाही, तेव्हा ही पायरी तिला लागू नाही. पान कोणत्याही स्मार्टफोनवरून उघडता येईल. खात्री करणारा संकेत (ओटीपी) मागितला, तर तो एसएमएसने तिच्या साध्या फोनवरही येईल.

कृषी_केंद्र_चालक

विषय गंभीर आहे आणि त्या मुलीवर अन्याय झाला, याबद्दल मतभेद नाही. पण दुसरी बाजूही नोंदवली जावी.

माझे बियाणे-खतांचे दुकान आहे. मृगाच्या सुरुवातीला दिवसाकाठी इतके फोन येतात की यादीत नसलेला क्रमांक कास्तकाराचा आहे की फसवणाऱ्याचा, हे न कळता उचलणे कठीण होते. आमच्याच एका ग्राहकाला पीएम किसानचा हप्ता अडकला असल्याचे सांगून व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवण्यात आली; त्यांनी ती उघडली आणि पीककर्जातली शिल्लक रक्कम खात्यातून गेली. नाव दाखवणारे ॲप असते तर 'फसवणूक' अशी लाल खूण दिसली असती, असे मला वाटते. माझ्या फोनवर अशी खूण दिसल्यामुळे मी अनेकदा वाचलो आहे. शहरातल्या माणसाला हा उपद्रव वाटेल, पण खेड्यात बँकेची शाखा वीस किलोमीटरवर असते आणि विचारायला जवळ कुणी नसते. तेथे हे नाव दिसणे फार मोठा आधार आहे. निर्देशिका बंदच करा, अशी मागणी कुणी करणार असेल तर मी तिच्या बाजूने नाही.

वाशीम_ते_पुणे

दादा, लाल खुणेचा उपयोग मला मान्य आहे. अनेकांनी एखादा क्रमांक त्रासदायक म्हणून कळवणे आणि एकाच्या खासगी टिपणातले शब्द जगाला दाखवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी कुणाची संपर्क यादी लागत नाही.

आणि पडद्यावर दिसणाऱ्या नावावर फार विसंबू नये, हेही सांगायला हवे. अशा ॲपमध्ये स्वतःचे नाव स्वतः लिहिता येते. उद्या एखाद्या ठकाने आपल्या क्रमांकाला शासकीय योजनेचे नाव दिले, तर पहिले काही दिवस तेच नाव दिसेल आणि त्या नावामुळेच माणूस फोन उचलेल. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवेसंबंधी कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी, तर जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिलेली आहे. ते आकडे ओळखणे नावापेक्षा खात्रीचे आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता अधिक. आपल्या ग्राहकाने कळवले होते का?

कृषी_केंद्र_चालक

दोन दिवसांनी कळवले. १९३० माहीत नव्हते. दुकानात आता हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे.

बचतगट_वर्धा

मी वर्धा जिल्ह्यातली असून महिला बचत गटाचे काम पाहते. या चर्चेत बाईच्या फोनविषयी अजून कुणी बोललेले नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे पूर्वी रिचार्ज करायचे म्हणजे चौकातल्या दुकानात वहीत नंबर लिहावा लागे. ती वही टपरीवर उघडी पडलेली असे. आमच्या गटातल्या एका तरुण बाईला रात्री अनोळखी फोन येऊ लागले, तेव्हा नंबर कुठून गेला हे सांगायला कुणी ज्योतिषी लागला नाही. तिने नाव ओळखणारे ॲप घेतले, त्यात समोरच्याचे नाव दिसले, गावातलाच मुलगा निघाला आणि त्याच्या आईसमोर विषय काढल्यावर फोन थांबले. म्हणून कृषी केंद्रवाल्या दादांचे म्हणणे मी समजू शकते. पण तेच ॲप घेतल्यानंतर तिने एकदा गॅस एजन्सीला फोन केला, तर पलीकडच्या माणसाने तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली आणि पुढे फोटोबद्दलही बोलला. ज्या साधनाने तिला संरक्षण दिले त्यानेच तिला उघडे केले. तिला हवा होता तो फक्त नकार देण्याचा अधिकार. आपले नाव आणि चेहरा वाटत फिरणे तिने मागितले नव्हते.

दुसरी गोष्ट कर्जाच्या ॲपची आहे. गटातल्या एका बाईच्या मुलाने मोबाइलवरून पाच हजार घेतले आणि हप्ता चुकला. त्यानंतर त्याच्या फोनमधल्या प्रत्येकाला, म्हणजे मामाला, शिक्षकांना, मला, अगदी ट्रॅक्टरवाल्यालाही फोन आले आणि प्रत्येकाला सांगण्यात आले की हा मुलगा चोर आहे. माझा त्या कर्जाशी काय संबंध होता? त्याच्या यादीत मी 'गट अध्यक्ष काकू' होते, एवढाच.

आणखी एक शंका आहे. आता सरकारी व्यवस्थेतूनच कॉल करणाऱ्याचे नाव दिसणार, असे ऐकते. आमच्या गटात निम्म्याहून अधिक बायकांचे सिम नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर आहे. मग मी फोन केला की समोर कुणाचे नाव दिसणार?

काळा_कोट_अमरावती

ताईंच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक घराला लागू आहे. कॉल करणाऱ्याचे नाव नेटवर्कनेच दाखवावे, अशा शिफारशी ट्रायने २३ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्या. त्या सेवेत दिसणारे नाव म्हणजे सिम घेताना भरलेल्या ग्राहक अर्जातले नाव. शेजाऱ्याने काय टिपले आहे याला तेथे जागा नाही, ही तिची जमेची बाजू आहे, आणि त्या मुलीच्या बाबतीत जे घडले ते या पद्धतीत घडू शकत नाही. पण सिम पतीच्या नावावर असेल तर ताईंनी केलेल्या फोनवर पतीचेच नाव दिसेल. ज्या बाईला माहेरी, दवाखान्यात किंवा समुपदेशकाला स्वतःच्या ओळखीने फोन करायचा आहे तिच्यासाठी ही किरकोळ बाब नाही. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. ते मे २०२३ मध्ये सुरू झाले. मी घरच्या सर्वांना एकच सांगतो की ज्याचा वापर त्याचे सिम, आणि जोडणी दुसऱ्याच्या नावावर असेल तर कंपनीच्या केंद्रात जाऊन ती नावावर करून घ्यावी.

कर्जाच्या ॲपबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत. २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक सूचनांनी अशा ॲपना कर्जदाराची संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फोनमधील फाइल पाहण्यास मनाई केली. ज्या ॲपने मुलाच्या यादीतील लोकांना फोन केले त्याने हा नियम मोडला, किंवा ते रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या कोणत्याही संस्थेचे नव्हतेच. दोन्ही परिस्थितींत पोलिसांकडे लेखी तक्रार करावी आणि आलेल्या क्रमांकांची यादी सोबत जोडावी.

आता मूळ प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. हा कायदा एक रेघ ओढतो आणि ती येथे नीट पाहावी लागते. व्यक्तीने स्वतःच्या घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे कुणी आपल्या फोनमध्ये मुलीच्या नावापुढे काय लिहिले, एवढ्यावरून त्या व्यक्तीविरुद्ध या कायद्याखाली काही करता येणार नाही. पण तीच टिपणे गोळा करून व्यवसाय करणाऱ्या कंपनीला ही सवलत नाही. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असावी लागते आणि ती ज्याची माहिती आहे त्याची असावी लागते. माझ्या फोनमधल्या सातशे माणसांच्या वतीने मी 'मान्य' म्हणणे ही त्या सातशे जणांची संमती आहे, असे कुणी न्यायालयात सांगू लागले तर तो युक्तिवाद टिकेल असे मला वाटत नाही. माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा अधिकार या कायद्यात आहे. तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि तेथे दाद मिळाली नाही तर माहिती संरक्षण मंडळाकडे जाता येते. सर, नोंद काढण्याची मागणी आजच लेखी करावी आणि पाठवलेल्या मजकुराची प्रत जपून ठेवावी. मुदत संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

संत्र्याची_बाग

या चर्चेत ब्रिटनचे एक उदाहरण उपयोगी पडेल. तेथे २००९ च्या जून महिन्यात ११८८०० या क्रमांकावर मोबाइलची निर्देशिका सेवा सुरू झाली. बाजार-पाहणी करणाऱ्या व अन्य कंपन्यांकडून घेतलेल्या याद्यांतून तिने सुमारे दीड कोटी मोबाइल क्रमांक जमवले होते आणि एका चौकशीला एक पौंड घेतला जाई. विशेष म्हणजे ही सेवा क्रमांक सांगतच नसे. अमुक माणूस तुमच्याशी बोलू इच्छितो, असे ती समोरच्याला कळवी आणि त्याने होकार दिला तरच फोन जोडून देई. तरीही आपला नंबर आपल्याला न विचारता तिथे गेला कसा, या एकाच प्रश्नावरून लोक खवळले, नाव वगळण्यासाठी एवढी गर्दी झाली की यंत्रणा कोलमडली, आणि जुलैतच सेवा थांबवावी लागली.

नाव दाखवणाऱ्या ज्या ट्रूकॉलर ॲपचे सर्वाधिक वापरकर्ते आज भारतात आहेत, त्याची सुरुवातही २००९ मध्येच स्वीडनमध्ये झाली. ब्रिटनमध्ये दर वेळी होकार विचारणारी सेवा लोकांनी महिन्याभरात थांबवली आणि आपण नाव सरळ पडद्यावर दाखवणाऱ्या अशा सेवा घरोघरी नेल्या. आपल्याकडे विचारले गेले असते तर आपण काय उत्तर दिले असते, हे मला सांगता येत नाही. आपल्याला कुणी विचारलेच नाही.

आशा_कार्यकर्ती

हा धागा मी तीन वेळा वाचला आणि लिहू की नको या विचारात चार दिवस गेले. सरांच्या गावातली मी नाही, माझा जिल्हा वेगळा आहे. पण असे नाव आमच्यापैकीच कुणाच्या तरी फोनमधून गेले असेल, असे मला पहिल्या वाचनातच वाटले आणि ते दडवून ठेवणे बरोबर वाटत नाही.

आशा म्हणून मला साधारण हजार लोकसंख्या सांभाळायची असते. त्यात गरोदर बाया, बाळंतिणी, लसीकरणाची मुले, बीपी-शुगरचे वयस्क आणि टीबीचे रुग्ण येतात. फोन माझा स्वतःचा असतो. एकाच गावात एकाच नावाच्या पाच-पाच बाया, तिघींचे आडनावही एकच. डॉक्टर किंवा गटप्रवर्तक ताई विचारतात, सातव्या महिन्यातली अमुक कोण, तिचा नंबर द्या, आणि मला तो तिथल्या तिथे द्यावा लागतो. म्हणून मी नावापुढे लिहीत गेले. सातवा महिना, जुळे, नवरा दारू, कॉपर टी, टीबी दुसरा महिना. कुणाला दुखवावे म्हणून नाही. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्याचा फोन आला तर नाव पाहताच कोणत्या घरी जायचे ते कळावे म्हणून. माझ्या फोनमध्ये ज्या बायांनी दुसऱ्या कुणाला न सांगितलेल्या गोष्टी आहेत त्या मी कधी तोंडाने कुणाला सांगितल्या नाहीत. माझ्या सासूलाही नाही.

धागा वाचल्यावर मी मुलाला फोन दिला आणि परवानग्या पाहायला सांगितल्या. नाव ओळखणारे ॲप होते आणि संपर्काची परवानगी सुरू होती. ते कुणी टाकले, हे मला आठवत नाही. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने चार-पाच ॲप टाकून दिली होती. मी तोंड बंद ठेवले आणि फोन बोलत राहिला, हे मला फार लागले आहे. त्या मुलीला माझ्याकडून सांगा की हे कुणी मुद्दाम केले नसेल. आणि कुणी सांगावे की नाव न लिहिता ओळख कशी ठेवायची, कारण ओळख तर ठेवावीच लागेल.

जुने_एक्स्चेंज

ताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केले. एक जुनी रीत सांगतो. आमच्याकडे जोडणी माणसाच्या नावाने नव्हे तर खांब क्रमांक आणि जोडी क्रमांकाने ओळखली जाई. लाइनमनच्या हातातल्या डायरीत नुसते आकडे असत आणि त्यांचा अर्थ लावणारी नोंदवही कार्यालयात असे. डायरी वाटेत पडली तरी उचलणाऱ्याला काही कळत नसे. तुमच्याकडे कुटुंबांची नोंदवही असेलच. तिच्यातला घराचा अनुक्रमांक आणि पहिले नाव एवढेच फोनमध्ये ठेवा, बाकी सगळे वहीत राहू द्या.

वाशीम_ते_पुणे

काकांनी सांगितलेली पद्धत उत्तम आहे. भर इतकीच की आधी परवानगी काढा, मग ज्या त्या सेवेकडे पूर्वी गेलेली यादी पुसण्याची मागणी करा, आणि त्यानंतर नावे बदला. फोनच्या संपर्क यादीत टीप लिहायला वेगळा रकाना असतो, पण संपर्काची परवानगी असलेल्या ॲपला तोही वाचता येऊ शकतो, म्हणून आजाराचा उल्लेख तेथेही करू नये.

कृषी_केंद्र_चालक

आशाताईंचे वाचून मी काल रात्री दुकान बंद केल्यावर माझी यादी उघडली. सुमारे अकराशे नावे आहेत. त्यांतल्या दीडशेहून अधिक नावांपुढे मी 'उधारी' लिहिलेले आहे, काहींपुढे आकडाही आहे आणि काहींपुढे 'देत नाही' असे आहे. यातली बरीच माणसे बोंडअळीच्या वर्षी अडकली, नियत वाईट म्हणून नव्हे. त्यांच्यापैकी कुणी आपल्या मुलीच्या सोयरिकीसाठी फोन केला असेल आणि समोर हे दिसले असेल, या विचाराने मला झोप आली नाही. ॲप मी ठेवणार आहे, पण संपर्काची परवानगी काढली आहे आणि उधारी पुन्हा खतावणीत नेतो आहे.

बचतगट_वर्धा

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय मांडला. अठरा जणींपैकी अकरा जणींचे सिम घरातल्या पुरुषाच्या नावावर निघाले. चौघींनी नावावर करून घ्यायचे ठरवले आहे. एकीच्या घरी यावरून वाद झाला, तिच्याबरोबर मी स्वतः जाणार आहे.

धुऱ्यावरची_बाभूळ

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितो आहे, कारण नोंद गेल्याची खात्री झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

वगळण्याचे पान माझ्या फोनवर उघडले. मुलीच्या घरच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. तिच्या बटणांच्या फोनवर संकेत आला आणि तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी भरत गेलो. सोबत, वकीलसाहेबांनी सुचवल्याप्रमाणे, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मराठीतून पत्र पाठवले. त्यात तिने स्वतः एक वाक्य घालायला लावले : "हे नाव मी दिलेले नाही आणि मला कुणी विचारलेले नाही." पत्राला अजून उत्तर आलेले नाही.

आशाताईंचा निरोप तिला वाचून दाखवला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की आमच्या आशाताईंनी सहा महिने रोज घरी येऊन गोळी घेतली का ते पाहिले होते आणि त्यांना याबद्दल कुणी काही बोलू नये. मी बोललो नाही. पण तालुक्याच्या आशांच्या मासिक बैठकीत काकांची घर-अनुक्रमांकाची पद्धत सांगण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. तेथे बहुतेक जणींनी बसल्या बसल्या नावे बदलायला सुरुवात केली.

माझ्या स्वतःच्या फोनमध्ये पालकांची दोनशे चौदा नावे आहेत. त्यांतली काही अशी होती की ती येथे लिहिण्याची माझी तयारी नाही. ती मी बदलली.

परवा आमच्या शिवारात सीतादहीची पूजा होऊन कापसाचा वेचा सुरू झाला. बाजाराच्या दिवशी मुलीचा भाऊ त्या दुकानात जाऊन आला. नोकराच्या समोरच बहिणीला फोन करायला लावला, तेव्हा पडद्यावर नुसते दहा आकडे आले. दुकानातली जागा मात्र तोवर भरली होती. ती सध्या आईबरोबर वेचायला जाते आहे आणि दिवाळीनंतर दुसऱ्या एका दुकानात विचारणार आहे. या वेळी फोन न करता आपण स्वतः जाऊन विचारू, असे तिचे म्हणणे आहे.